डोंगरातील एकवीस किलोमीटर : चढाचा हिशोब आणि उताराची तयारी



आपल्या पत्रिकेत एरवी लागण, खोडवा, खत आणि पाणी यांवरच लिहिले जाते. या अंकात विषय थोडा वेगळा घेतला आहे. कार्यक्षेत्रातील काही सभासदांच्या मुलांनी गट ऑफिसला येऊन विचारणा केली की, साताऱ्याच्या घाटात एकवीस किलोमीटरची शर्यत होते, तिला आम्ही गेलो तर जमेल का? ही मुले पोलीस भरतीची तयारी करणारी आहेत. पहाटे मानवत-पाथरी रस्त्याने धावताना आपण त्यांना पाहतोच. सोळाशे मीटर ती चांगली पळतात. म्हणून "सोळाशे दमात काढतो, तर एकवीस किलोमीटर सावकाश काढू" असा त्यांचा समज झाला आहे.

हा समज निम्माच खरा आहे. छाती आणि हिंमत त्यांच्याजवळ आहे. पण आपला तालुका गोदाकाठचा, सपाट काळ्या रानाचा. इथल्या पायांना घाट चढायची सवय नाही, आणि उतरायची तर मुळीच नाही. तयारी न करता पोरगा गेला आणि भरतीच्या तोंडावर गुडघा किंवा घोटा धरून बसला, तर एका रविवारच्या पदकापायी नोकरीची संधी हुकेल. भरतीला वयाची अट असते, ती कोणासाठी थांबत नाही. म्हणून ही शर्यत म्हणजे काय, शरीराला ती कशी पडते आणि मानवतसारख्या सपाट गावी तिची तयारी कशी करावी, हे सविस्तर सांगतो.

शर्यतीची ओळख

मॅरेथॉन हे मूळ ग्रीस देशातील एका गावाचे नाव. तिथून अथेन्सला निरोप घेऊन धावत गेलेल्या जासुदाच्या कथेवरून १८९६ च्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकमध्ये ही शर्यत ठेवली गेली. तिचे ४२ किलोमीटर १९५ मीटर हे अंतर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकपासून आले. त्याचे निम्मे, म्हणजे २१ किलोमीटर साडेसत्त्याण्णव मीटर, ही अर्ध मॅरेथॉन.

डोंगरातील अर्ध मॅरेथॉन दोन प्रकारची असते. एक घाटरस्त्याची. साताऱ्याची शर्यत या प्रकारची आहे. ती २०१२ साली सुरू झाली. शहरातून निघून यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याने पुढे जायचे आणि ठरल्या जागेवरून वळून त्याच वाटेने खाली यायचे. म्हणजे जाताना बहुतेक चढ आणि येताना बहुतेक उतार. २०१५ साली या शर्यतीत २,६०० हून अधिक लोक धावले आणि तिची गिनीज बुकात नोंद झाली.

दुसरा प्रकार डोंगरवाटेचा. यात डांबर नाही. पायवाट, सुटे दगड, शेवाळलेला कातळ, ओढा, गवत, काय येईल ते ओलांडायचे. पुणे जिल्ह्यात सिंहगड, राजगड आणि तोरणा या किल्ल्यांच्या वाटेवर अलीकडच्या वर्षांत अशा शर्यती होऊ लागल्या आहेत. नवख्याने आधी घाटरस्त्याची शर्यत करावी, डोंगरवाटेची त्यानंतर.

हे काम शेतकऱ्याच्या पोराचेच

हे सगळे शहरातल्या हौशी लोकांचे वेड आहे, असे काहींना वाटेल. पण भारताच्या ऑलिंपिकची सुरुवातच शेतकऱ्याच्या पोरांपासून झाली. सर दोराबजी टाटा पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष असताना तिथल्या शर्यतीत त्यांनी खेड्यातली शेतकरी पोरे अनवाणी धावताना पाहिली. त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या जवळपास जात होत्या, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे. त्यातूनच १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकला भारताचा चमू गेला. बेळगावचे फडेप्पा चौगुले तिथे मॅरेथॉन धावले आणि १९ वे आले. वेळ लागला २ तास ५० मिनिटे.

आपल्या शेजारचेच उदाहरण घ्या. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचा अविनाश साबळे. आई-वडील वीटभट्टीवर कामाला. हा मुलगा रोज सहा किलोमीटर शाळेला जायचा. पुढे महार रेजिमेंटमध्ये भरती झाला आणि धावायला खरा लागला तो तिथेच. २०२० साली दिल्लीत त्याने अर्ध मॅरेथॉन १ तास ० मिनिटे ३० सेकंदांत पूर्ण केली. त्या वेळचा तो राष्ट्रीय विक्रम होता. २०२३ च्या आशियाई स्पर्धेत अडथळ्यांच्या तीन हजार मीटर शर्यतीत त्याने सुवर्णपदक घेतले. मुलींनीही मागे राहण्याचे कारण नाही. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरला कांस्यपदक घेऊन आली. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत दहावी आली. हे दोन्ही भाग डोंगराळ आणि कष्टाचे.

मात्र यांतले कोणीही एका पावसाळ्यात तयार झाले नाही, हेही ध्यानात घ्यावे.

चढाचा हिशोब

सपाटीवर माणूस एक किलोमीटर धावला, की साधारणपणे वजनाच्या प्रत्येक किलोमागे एक कॅलरी खर्च होते. ६५ किलोच्या गड्याला ६५ कॅलरी. आता तोच गडी उभा १०० मीटर चढला, तर आपले वजन तेवढे वर उचलण्याचे निव्वळ काम भरते सुमारे १५ कॅलरींचे. पण स्नायू हे इंजिनासारखे आहेत. चार भाग जाळावे तेव्हा एक भाग कामी येतो, बाकीचे उष्णतेत जातात. म्हणून प्रत्यक्ष खर्च येतो ६० कॅलरींच्या आसपास.

याचा अर्थ सरळ आहे. दर १०० मीटर चढ म्हणजे सपाटीवरचा एक जादा किलोमीटर. डोंगरातले जाणते धावपटू जगभर हाच ठोकताळा वापरतात. हिशोबासाठी एकूण चढ ४०० मीटर धरला, तर २१ किलोमीटरची शर्यत २५ किलोमीटरची होते. मानवतच्या रस्त्यावर २१ किलोमीटरला सव्वादोन तास लागत असतील, तर घाटात दोन तास चाळीस मिनिटे धरून चालावे. पहिल्याच खेपेला यापेक्षा कमी वेळ मनात धरला, की गडबड सुरू होते.

पोरांची गफलत इथेच होते. सपाटीवर किलोमीटरला साडेसहा मिनिटे लागतात, म्हणून घाटातही साडेसहाच लागले पाहिजेत, असा ती हट्ट धरतात. घाटात घड्याळ बाजूला ठेवावे आणि दम पाहावा. सोबत्याशी एक पूर्ण वाक्य न तुटता बोलता आले, तर चाल बरोबर आहे. दोन शब्दांवर धाप लागत असेल, तर चाल जास्त आहे. उभ्या चढाला खुशाल चालावे, त्यात कमीपणा नाही. फार उभ्या चढाला भरभर चालणारा आणि रडतखडत पळणारा जवळपास एकाच वेळी माथ्यावर पोहोचतात. फरक एवढाच की, चालणाऱ्याच्या अंगात पुढच्यासाठी बळ शिल्लक असते.

अंगातला साखरेचा साठा

ऊस जशी कांड्यांत साखर साठवतो, तसे आपले शरीरही स्नायूंत आणि यकृतात साखर साठवून ठेवते. तिला ग्लायकोजेन म्हणतात. चांगल्या खात्यापित्या माणसाच्या अंगात ती साधारण ४०० ते ५०० ग्रॅम असते. ग्रॅमला चार कॅलरी धरल्या, तर १,६०० ते २,००० कॅलरींचा साठा झाला. वर पाहिले त्याप्रमाणे घाटातल्या शर्यतीचा खर्च २५ गुणिले ६५, म्हणजे १,६०० च्या पुढे जातो. साठा आणि खर्च अगदी जवळ येतात.

सावकाश धावणाऱ्याच्या शरीरात बराच खर्च चरबीतून भागतो आणि साखर पुरते. सुरुवातीलाच जोरात सुटणाऱ्याची साखर आधी जळते. मग सोळा-सतराव्या किलोमीटरला पाय लटपटतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. पाळीचे सगळे पाणी पहिल्याच सरीला सोडले, तर शेवटच्या सऱ्या कोरड्या राहणारच.

यावर उपाय दोन. आदल्या दिवशी भाकरी, भात, वरण असे रोजचे अन्न पोटभर खावे. शर्यतीत पाऊण तासानंतर थोडे थोडे गोड घ्यावे. तासाला ३० ग्रॅम पुरते, फार तर ६० ग्रॅम. गुळाचे दोन-तीन खडे, केळे किंवा चार-पाच खजूर चालतात. कारखान्याची पत्रिका म्हणून साखरेची जाहिरात चालली आहे असे कोणी समजू नये. धावताना स्नायू साखर ओढून घेतात, घरी बसून घेतलेल्या गोडाला हा न्याय लागू नाही. मधुमेही सभासदांनी तर डॉक्टरांना विचारूनच काय ते करावे.

उतार सोपा नाही

वळणाच्या जागेवरून परत फिरले, की नवख्याला वाटते जिंकलो, आता काय, उतारच आहे. खरी मोडतोड इथे होते. रायगडच्या हिरकणीची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. तिची कमाल चढण्यात नव्हती, उतरण्यात होती.

चढताना मांडीचा स्नायू आखडत जाऊन जोर लावतो. उतरताना तोच स्नायू अंगाचा भार अडवून धरतो आणि त्याच वेळी ताणला जातो. आखडून काम करणाऱ्या स्नायूपेक्षा ताणले जात काम करणाऱ्या स्नायूचे तंतू जास्त तुटतात. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात, जिना उतरताना कठडा धरावा लागतो. गुडघ्यावरही भार वाढतो.

उसाने भरलेली ट्रॉली उतारावरून नेताना शहाणा ड्रायव्हर काय करतो? ट्रॅक्टर न्यूट्रल करत नाही. खालचा गियर टाकतो आणि इंजिनाच्या जोरावर सावकाश उतरतो. पायांनाही तोच नियम लावावा. लांब ढांगा टाकून टाच आपटत उतरू नये. पावले आखूड आणि भराभर टाकावीत, गुडघे किंचित वाकलेले ठेवावेत, अंग मागे रेलू नये. नजर पायाशी न ठेवता आठ-दहा पावले पुढे ठेवावी.

चांगली गोष्ट अशी की, स्नायू हा धडा लवकर शिकतो. एकदा बेताने उतारावर धावले, मांड्या दुखल्या आणि बऱ्या झाल्या, की पुढे काही आठवडे त्याच उताराने तेवढे दुखत नाही. म्हणून शर्यतीआधी उताराचा सराव निदान तीन-चार वेळा व्हायलाच हवा.

पाणी कमी नको, जास्तही नको

उसाला पाणी जास्त झाले, की जमीन चिबडते आणि मुळ्या गुदमरतात, हे आपण शिवारात पाहतो. धावणाऱ्याचेही तसेच आहे. पाणी कमी पडले तर त्रास होतो, हे सर्वांना माहीत आहे. घटाघट जास्त प्यायल्याने रक्तातले मीठ पातळ होते आणि तेही जिवावर बेतू शकते, हे कमी लोकांना माहीत असते. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा १३ टक्के लोकांच्या रक्तात मीठ धोक्याच्या पातळीखाली गेलेले आढळले. म्हणून तहान लागेल तसे घोट घोट प्यावे.

नुसत्या पाण्यापेक्षा साखर-मिठाचे पाणी बरे. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात साखर सहा सपाट चहाचे चमचे आणि मीठ अर्धा चमचा. हे साधे पाणी किती मोलाचे आहे, ते १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या रोग्यांवर दाखवून दिले. साखर जास्त टाकू नये, पोटात मळमळते.

डोंगराची हवा

आपण उन्हाला भिणारी माणसे, पण डोंगरात गारठाही मारतो. २२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतात डोंगरातली शंभर किलोमीटरची शर्यत चालू असताना अचानक गारा, गार पाऊस आणि वादळी वारा आला. धावपटूंच्या अंगावर पातळ कपडे होते. १७२ पैकी २१ जण मरण पावले. आपल्याकडे सप्टेंबरात एवढी थंडी नसते. पण कासच्या बाजूला धुके, भुरभूर आणि वारा असतोच. घामाने ओला झालेला माणूस तिथे थांबला की कुडकुडतो. डोंगरवाटेच्या शर्यतीला पातळ रेनकोट, शिट्टी आणि चार्ज केलेला मोबाईल जवळ असावा.

उंचीची मात्र भीती नको. कासचे पठार सुमारे १,२०० मीटरवर आहे, तिथे हवेचा विरळपणा फारसा जाणवत नाही. लेहला साडेतीन हजार मीटरवर शर्यत होते, तिथे आठवडाभर आधी जाऊन राहावे लागते. ती गोष्ट निराळी.

मानवतला डोंगर कुठून आणायचा?

जायकवाडीच्या डाव्या कालव्याचा भराव हाच आपला डोंगर. भराव सहा मीटर उंच धरला, तर पन्नास वेळा चढल्याने ३०० मीटर चढ होतो, आणि तेवढाच उतारही. पाण्याच्या बाजूने न जाता बाहेरच्या उतारावर सराव करावा. शाळेचा जिनाही चालतो. महिन्यातून एकदा जिंतूरकडच्या नेमगिरीच्या डोंगरात किंवा गंगाखेडच्या बाजूला बालाघाटात जाऊन यावे. सप्टेंबरच्या शर्यतीसाठी पेरणीबरोबर, जूनच्या पहिल्या आठवड्यात, सुरुवात करावी. चौदा आठवडे मिळतात.

आठवडे १ ते ४ : आठवड्यात चार दिवस, अर्धा ते पाऊण तास. धावणे आणि चालणे मिळून. बोलता येईल अशीच चाल.

आठवडे ५ ते ८ : रविवारी लांब धाव, ८ किलोमीटरपासून दर आठवड्याला एकेक वाढवत ११ पर्यंत. एक दिवस भरावावर १० ते २० चढ-उतार. भरतीची मुले एक दिवस जोराच्या सोळाशेसाठी ठेवतील. उरलेला एक दिवस हलका.

आठवडे ९ ते १२ : रविवारची धाव १३ ते १८ किलोमीटर. भरावावर ३० ते ५० चढ-उतार. याच काळात डोंगराच्या दोन फेऱ्या.

आठवडे १३ व १४ : सर्व सराव निम्म्यावर आणावा. पेरणीचे दिवस सरल्यावर पेरलेले बी उगवत नाही, तसा शेवटच्या आठवड्यातला जादा सराव अंगी लागत नाही.

पावसाळी पहाटे बांधाने जाताना बॅटरी न्यावी, साप निघतात. बूट खालून खाचांचे असावेत आणि शर्यतीआधी महिनाभर वापरलेले असावेत.

कोणी जाऊ नये, केव्हा थांबावे

चाळिशी ओलांडलेल्यांनी, तसेच रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्यांनी आणि घरात कोणी कमी वयात हृदयविकाराने गेले असेल त्यांनी डॉक्टरी तपासणी केल्याशिवाय नाव नोंदवू नये. ताप किंवा जुलाब असेल, तर त्या दिवशी घरी बसावे. शर्यतीआधी दुखण्यावरची गोळी घेऊ नये. शरीरात पाणी कमी असताना ती मूत्रपिंडाला बाधते.

धावताना छातीत दुखणे, चक्कर येणे, डाव्या हातात कळ येणे यांपैकी काहीही झाले, तर तिथेच थांबून स्वयंसेवकाला सांगावे. सोबती अंगाने तापून बरळू लागला, तर त्याला सावलीत घ्यावे, अंगावर भरपूर पाणी ओतावे आणि लगेच दवाखान्यात न्यावे. डोंगरवाटेवर पडलेल्या माणसाला टाकून पुढे जायचे नाही, हा तिथला पहिला नियम आहे. रिकामी बाटली किंवा कागद डोंगरात टाकू नये. कासचे पठार फुलांसाठी जागतिक वारशात गणले गेले आहे, तिथे रस्ता सोडून पाय ठेवू नये.

पालकांना विनंती

पोराने शर्यतीचे नाव काढले, की "रिकामे उद्योग" म्हणून त्याला उडवून लावू नका, आणि कौतुकाच्या भरात तयारीशिवाय पाठवूही नका. त्याला चौदा आठवडे द्या. पहाटेचा पाण्याचा फेर आठवड्यातले चार दिवस दुसऱ्या कोणी घेतला, तर त्याचा सराव होईल. ज्याने भरावावरचे पन्नास चढ-उतार न थांबता केले आणि १८ किलोमीटरची धाव पुरी केली, त्यालाच साताऱ्याचे तिकीट काढून द्या. ज्याचे एवढे झाले नाही, त्याने यंदा भरतीचे सोळाशे मीटर पाहावे आणि घाट पुढच्या वर्षी करावा. भरावावर केलेला सराव भरतीलाही उपयोगी पडेल, वाया जाणार नाही.

इच्छुक मुला-मुलींनी मे अखेरपर्यंत आपल्या गटाच्या चिटबॉयकडे नावे सांगून ठेवावीत, म्हणजे एका गावची मुले एकत्र सराव करू शकतील. एकट्याने पहाटे कालव्यावर जाऊ नये.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते